ज्यांच्या पाठीत सुई जाणार, त्यांना आधी विचारा: आमच्या एथिक्स कमिटीला खुलं पत्र

माननीय अध्यक्ष आणि कमिटीचे सगळे सदस्य,

नमस्कार.

मी तुमच्याच संस्थेच्या सेल प्रोसेसिंग लॅबमध्ये सायंटिस्ट आहे. मी ऑटिस्टिक आहे, निदान तिशी उलटल्यावर झालं. या दोन्ही गोष्टी तुम्हाला माहीत आहेत, पण हे पत्र बाहेरचे लोकही वाचणार म्हणून सांगितल्या. संस्थेचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये, एक तर मला कोणाची बदनामी करायची नाहीये आणि दुसरं म्हणजे ट्रायलसाठी ज्यांनी मुलांची नावं दिलीत त्या घरांत उद्या कोणाचे फोन जावेत अशी माझी अजिबात इच्छा नाही.

विषय असा आहे. ऑटिझम असलेल्या चार ते नऊ वर्षांच्या मुलांच्या पाठीच्या कण्यातल्या पाण्यात, नाळेपासून वाढवलेल्या स्टेम सेल्स सोडायच्या, अशी ट्रायल तुम्ही मंजूर केलीत. त्या सेल्स मी वाढवते. बॅच मुलापर्यंत जाण्याआधी रिलीज फॉर्मवर जी सही लागते ती माझी असते. प्रोटोकॉल, म्हणजे ट्रायलचा लेखी आराखडा, वाचून मी तुम्हाला लेखी आक्षेप दिले, त्यावर उत्तर आलं की मी स्वतः ऑटिझमच्या स्पेक्ट्रमवर असल्यामुळे माझा हितसंबंध गुंतलेला आहे, सबब या विषयावरच्या चर्चेत मला बसता येणार नाही. रिलीज फॉर्मवरची सही मात्र माझ्याकडेच ठेवली. म्हणजे काम मी करायचं, जबाबदारी मी घ्यायची, पण बोलायचं नाही. हे मला गप्प बसून मान्य करता येत नाहीये म्हणून हे पत्र उघड लिहितेय.

मी संशोधनाच्या विरोधात नाही, हे आधी सांगते, कारण कॉरिडॉरमध्ये माझ्याबद्दल तसं बोललं जातंय. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून उभी राहिलेली नेक्सकार-१९ ही ब्लड कॅन्सरची सेल थेरपी २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मंजूर झाली तेव्हा आमच्या लॅबमध्ये पेढे वाटले होते, आणि आणले मी होते. पेशंटच्याच शरीरातल्या पेशी काढायच्या, बदलायच्या, परत द्यायच्या, हे आपल्या शहरांमधल्या लॅबमध्ये होतंय याचा मला किती अभिमान वाटतो हे माझ्याबरोबर काम करणाऱ्यांना विचारा. पण तिथे आजार जीव घेणारा होता, पेशी नेमकं काय करणार हे माहीत होतं, आणि बरं झालं की नाही हे रक्तात मोजता येत होतं. आपल्या ट्रायलमध्ये या तिन्हीपैकी एकही गोष्ट नाहीये.

आपल्याकडे काय आहे ते सांगते. सेल्स छान वाढतात. फ्लास्कमध्ये त्या माशांच्या थव्यासारख्या एका दिशेला वळतात, मी रोज बघते आणि रोज मला ते आवडतं. मार्कर, म्हणजे पेशींची ओळख पटवणाऱ्या खुणा, बरोबर येतात, सीडी७३, सीडी९०, सीडी१०५, क्रोमोसोम ठीक, जंतू नाहीत, जिवंत पेशींचं प्रमाण चांगलं. हे सगळं फॉर्मवर हिरव्या टिकमार्कनं दिसतं. पण त्या टिकमार्कचा अर्थ एवढाच की पेशी चांगल्या आहेत. त्या मुलाच्या मेंदूचं भलं करतील असा नाही. या प्रकारच्या पेशी मेंदूत जाऊन नवे न्यूरॉन बनवत नाहीत, बऱ्याचशा थोड्याच दिवसांत मरून जातात, आणि जाता जाता जी रसायनं सोडतात त्यानं सूज कमी होत असेल असा अंदाज आहे. अंदाज वाईट नाही, मी त्याच अंदाजावर काम करते. पण पालकांच्या मीटिंगला पडद्यावर जी स्लाइड दाखवली त्यात पेशी मेंदूत शिरून तुटलेल्या तारा जोडतायत असं ॲनिमेशन होतं. आपल्या लॅबमधल्या कोणीही असं कधी पाहिलेलं नाही.

आणि उंदीर. बीटीबीआर नावाचे उंदीर असतात, एकलकोंडे असतात, स्वतःचं अंग फार चाटतात, म्हणून जगभर ते ऑटिझमचं मॉडेल म्हणून वापरतात. तीन खणांची पेटी असते, एका बाजूला दुसरा उंदीर, एका बाजूला नुसती वस्तू. आपल्या पेशी दिल्यावर उंदीर दुसऱ्या उंदराजवळ जास्त वेळ थांबला, त्याचा ग्राफ झाला आणि तो ग्राफ प्रोटोकॉलच्या पहिल्याच पानावर आला. ते मोजमाप मीच केलंय, आकडे खरे आहेत. पण उंदीर उंदराजवळ थांबला यावरून चार वर्षांच्या मुलाच्या पाठीत सुई घालण्यापर्यंत जायला मध्ये खूप पायऱ्या लागतात आणि त्या आपण सगळ्या गाळल्यात.

आता माझे आक्षेप, एकेक करून.

पहिला, आधीच्या ट्रायल्सचा. अमेरिकेत ड्यूक युनिव्हर्सिटीत आधी २५ मुलांवर नाळेच्या रक्ताचा प्रयोग झाला, तुलनेला दुसरा गट नव्हता, आईवडिलांनी सुधारणा सांगितली आणि २०१७ मध्ये जगभर बातम्या आल्या. मग त्याच टीमनं नीट ट्रायल केली, २ ते ७ वर्षांची १८० मुलं, काहींना नाळेचं रक्त, काहींना औषध नसलेलं नुसतं द्रव, कोणाला काय दिलं ते पालकांना माहीत नाही. २०२० मध्ये निकाल आला, ज्या मुख्य गोष्टीसाठी ट्रायल केली त्या सामाजिक कौशल्यात फरक सिद्ध झाला नाही. काही उपगटांत थोडं काही दिसलं, पण मुख्य उत्तर नाही असंच होतं. ती टीम प्रामाणिक होती म्हणून आपल्याला हे कळलं. आपल्या प्रोटोकॉलमध्ये २०१७ च्या पेपरचा उल्लेख आहे, २०२० चा नाही. तो का नाही, असं मी लेखी विचारलं होतं, उत्तर आलेलं नाही.

हे काही पहिल्यांदा घडलं असंही नाही. १९९८ मध्ये सीक्रेटिन नावाच्या हॉर्मोननं तीन मुलं सुधारली असा रिपोर्ट आला आणि अमेरिकेतले पालक त्या इंजेक्शनमागे धावले. पुढच्याच वर्षी तुलना करून तपासलं तर नुसत्या पाण्याइतकाच परिणाम. आणि त्या अभ्यासातली मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट म्हणजे निकाल सांगितल्यावरही ६९ टक्के पालकांना ते औषध हवंच होतं. ब्युमेटानाइड या औषधाचंही तसंच, फ्रान्समधल्या छोट्या ट्रायलमध्ये २०१२ ला आशा दिसली, मग ४०० हून जास्त मुलांवर मोठ्या ट्रायल झाल्या आणि २०२१ मध्ये उपयोग होत नाही म्हणून थांबवल्या. पालकांना दोष देण्यासाठी हे सांगत नाहीये. आशा इतकी मोठी असते की ती मोजमापात शिरते, एवढंच म्हणायचंय. आणि आपली ट्रायल कशी आहे? तुलनेचा गट नाही, सगळ्यांना पेशी, आणि सुधारणा झाली का ते सांगणार आईवडील. म्हणजे ड्यूकवाले ज्या पायरीवरून पुढे गेले त्याच पायरीवर आपण मुलांच्या पाठीत सुई घेऊन उभे आहोत, आणि या ट्रायलच्या शेवटी पेशींनी फायदा झाला की नाही हे आपल्याला कळणारही नाही.

मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, तुलनेच्या गटातल्या मुलांना उगाच सुई कशी टोचायची. बरोबर आहे, मीही त्यावर रात्ररात्र विचार केलाय आणि सोपं उत्तर मला सापडलेलं नाही. पण ज्या प्रयोगातून उत्तर मिळणारच नाही त्यासाठी सगळ्याच मुलांना सुई टोचायची हे त्यावरचं उत्तर नाही ना.

दुसरा आक्षेप, धोका. प्रोटोकॉलमध्ये धोका 'किरकोळ' लिहिलाय. लंबर पंक्चर, म्हणजे पाठीच्या कण्यात सुई घालणं, अनुभवी हातात किरकोळ असतं हे खरं, मोठ्या माणसाला. इथे सेडेशन, म्हणजे गुंगीचं औषध, देऊन मुलाला कुशीवर वळवून, गुडघे पोटाशी, हनुवटी छातीला, असं धरायचं, आणि ते परत परत करायचं. इन्फेक्शन, फिट्स, सेडेशनमध्ये श्वासाचा त्रास, हे सगळे शब्द फॉर्मवर आहेत पण शेवटच्या पानावर बारीक अक्षरात. पेशींचा धोका वेगळाच. २००९ मध्ये छापून आलेली एक केस आहे, इस्रायलमधल्या एका मुलाला मॉस्कोत मेंदूत आणि पाठीच्या पाण्यात गर्भाच्या न्यूरल पेशी दिल्या होत्या, पुढे त्याला गाठी झाल्या आणि त्या देणगीदाराच्या पेशींच्या निघाल्या. त्या पेशी आपल्यासारख्या नव्हत्या, हे मी स्वतःच सांगते, आपल्या पेशींचा तो धोका बराच कमी आहे. पण कमी म्हणजे किती हे कळायला वर्षानुवर्षं लक्ष ठेवावं लागतं आणि आपला फॉलोअप एका वर्षात संपतो.

याच आक्षेपातला एक भाग तुमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आला नाही आणि मी चर्चेला असते तर पहिल्या पाच मिनिटांत सांगितला असता. पाठीतून पाणी काढल्यावर डोकं दुखतं, उठून बसलं की जास्त, आडवं झालं की कमी. मोठा माणूस हे सांगतो. न बोलणारं मूल सांगत नाही, ते डोकं भिंतीवर आपटतं, किंवा उठायलाच नकार देतं, किंवा शांत पडून राहतं. तुमच्या नोंदीच्या फॉर्ममध्ये डोकं आपटणं 'ऑटिझमचं वर्तन' या रकान्यात आहे. आणि शांत पडून राहणं? ते 'सुधारणा, चंचलपणा कमी' या रकान्यात जाईल. दुखणारं मूल तुमच्या कागदावर सुधारलेलं दिसेल. मी लहान असताना माझा कान फुटून पू येईपर्यंत कोणाला कळलं नव्हतं, कारण मी रडत नव्हते, कपाटात जाऊन बसत होते, आणि सगळे म्हणायचे किती गुणाची झालीये आजकाल.

तिसरा, संमती. प्रोटोकॉल म्हणतो की मुलं ऑटिस्टिक असल्यामुळे त्यांची स्वतःची संमती घेण्याचा प्रश्न येत नाही. आयसीएमआर, म्हणजे वैद्यकीय संशोधनाची सरकारी परिषद, तिच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सात वर्षांपुढच्या मुलाला समजेल अशा भाषेत विचारायचं असतं, तोंडी का होईना. ऑटिझम आहे म्हणून विचारूच नका असं तिथे कुठेही नाही. आपल्या यादीतली कितीतरी सात-आठ वर्षांची मुलं चित्रांच्या कार्डावर, टॅबलेटवर सांगतात काय हवंय काय नकोय. आणि जी तेवढंही करत नाहीत ती हात ढकलून, अंग ताठ करून, पलंगाखाली शिरून नाही म्हणतात. थेरपी सेंटरमधल्या कुठल्याही ताईला विचारा, त्यांना ते नाही कळतं.

मोठ्यांच्या संमतीचंही तेच. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धच्या एचपीव्ही लसीच्या अभ्यासात आदिवासी मुलींच्या फॉर्मवर हॉस्टेलच्या वॉर्डननी सह्या केल्या होत्या, २०१३ मध्ये संसदेच्या समितीनं त्यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असं मी म्हणत नाही, नंतर झालेल्या मृत्यूंचा लसीशी संबंध लागला नव्हता. मुद्दा सह्यांचा आहे. आपल्याकडे पालक स्वतः सही करतात, मान्य, पण ज्या मीटिंगमध्ये तारा जोडणारं ॲनिमेशन दाखवलं त्याच मीटिंगच्या शेवटी, चहा-बिस्किटांच्या टेबलावर फॉर्म ठेवले होते, इंग्रजीत, मराठी प्रत 'नंतर देऊ' म्हणून. साताऱ्याकडून आलेले एक आजोबा मला विचारत होते की बाई सीटीआरआयवर, म्हणजे ट्रायल्सच्या सरकारी नोंदवहीत, नाव आहे म्हणजे सरकारनं तपासलंय ना? मी त्यांना सांगितलं की तिथे नाव असणं म्हणजे नोंद, उपचार चालतो याची खात्री नव्हे. फ्लोरिडात तीन महिलांच्या डोळ्यांत स्टेम सेल्स टोचल्या गेल्या आणि त्यांची दृष्टी गेली, २०१७ मध्ये ते छापून आलं, त्यांच्यापैकी काहींना या उपचाराची माहिती तिथल्या सरकारी वेबसाइटवरच्या नोंदीतूनच मिळाली होती. आपल्याकडे तर नॅशनल मेडिकल कमिशनच्या एथिक्स बोर्डानं २०२२ च्या डिसेंबरमध्ये ऑटिझमसाठी स्टेम सेल उपचाराची शिफारस करता येत नाही असं स्पष्ट सांगितलंय. तेही फॉर्मवर नाही. आणि एमआरआय आणि भुलीच्या फिटनेसचा खर्च पालकांच्या खिशातून, हे तर आयसीएमआरच्या नियमात बसतच नाही.

चौथा, आपण सुधारणा कशाला म्हणतोय. मुख्य मोजमाप आहे ईसा, ऑटिझम मोजायची भारतीय मोजपट्टी, म्हणजे तेच जे यूडीआयडी या अपंगत्वाच्या सरकारी कार्डासाठी भरतात, ४० मुद्दे, प्रत्येकाला एक ते पाच. त्यात डोळ्याला डोळा न देणं आहे, हात हलवणं आहे, एकटं राहणं आहे. सर्टिफिकेट देण्यासाठी ते बनलंय, त्यासाठी ठीक आहे. पण मूल नजरेला नजर द्यायला लागलं म्हणून स्कोअर दोन-तीननं कमी झाला तर कोणाचं आयुष्य सुधारलं? मला आजही बोलताना समोरच्याकडे बघता येत नाही, खाली बघितलं की ऐकू नीट येतं, आणि मी तुमच्या संस्थेची अख्खी सेल बँक सांभाळते. ज्या घरांत खरा त्रास आहे ना, त्यांना विचारा त्यांना काय हवंय. झोप. मूल रात्री सलग झोपावं. स्वतःला चावू नये. फिट्स थांबाव्यात. पोट साफ व्हावं. पाणी हवंय, दुखतंय, एवढं कसंही करून सांगता यावं. यातल्या झोप, फिट्स, पोट या गोष्टी आपल्या मुख्य मोजमापात नाहीत, आणि स्वतःला इजा आणि संवाद ४० मुद्द्यांच्या बेरजेत हरवून जातात.

आता हितसंबंधाबद्दल, कारण मला बाहेर काढताना तोच शब्द वापरला गेला.

या ट्रायलचे प्रमुख ज्या कंपनीत भागीदार आहेत त्याच कंपनीला हे तंत्रज्ञान पुढे जाणार आहे. हे प्रोटोकॉलमध्ये एका ओळीत लिहिलंय आणि तुम्ही 'नोंद घेतली' असा शेरा मारून पुढे गेलात. ते चर्चेत बसले, मतं मांडली. १९९९ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जेसी गेल्सिंगर नावाचा १८ वर्षांचा मुलगा जीन थेरपीच्या इंजेक्शननंतर चार दिवसांत गेला. त्याचा आजार आहार आणि औषधांवर ताब्यात होता, तो इतरांच्या कामी यावं म्हणून आला होता. नंतर बाहेर आलं की आधीच्या प्राण्यांवरच्या प्रयोगातले मृत्यू संमतीपत्रात सांगितले नव्हते आणि प्रमुख शास्त्रज्ञांचा संबंधित कंपनीत हिस्सा होता. जगातल्या प्रत्येक एथिक्सच्या ट्रेनिंगमध्ये ही केस शिकवतात, तुम्हीही शिकवता, मला तुमच्याच संस्थेत शिकवली गेली. मग पैशांचा हितसंबंध चर्चेत बसू शकतो आणि ऑटिस्टिक असणं बसू शकत नाही, हे कुठल्या नियमात आहे ते मला दाखवा. डायबेटिस असलेल्या डॉक्टरला डायबेटिसच्या ट्रायलमधून कोणी उठवतं का? कॅनडात मिशेल डॉसन या ऑटिस्टिक संशोधक बाईंनी ऑटिझमचे अभ्यासक लॉरां मोत्रों यांच्या टीममध्ये वर्षानुवर्षं काम केलंय, आणि त्यांच्यामुळे आपलं विज्ञान सुधारलं असं मोत्रों यांनीच २०११ मध्ये नेचरमध्ये लिहिलंय.

आणि हा फक्त माझ्या मानापमानाचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. अपंग व्यक्ती हक्क कायदा २०१६, कलम ६, पोटकलम २. अपंग व्यक्तीवर संशोधन करायचं तर तिला समजेल अशा पद्धतीनं घेतलेली मुक्त संमती हवी, आणि त्याशिवाय एका वेगळ्या संशोधन समितीची आधी परवानगी हवी, ज्या समितीत निम्म्याहून कमी नाहीत इतके सदस्य स्वतः अपंग किंवा नोंदणीकृत अपंग संघटनांचे असले पाहिजेत. ऑटिझम त्या कायद्यात आहे. आपल्या फाइलमध्ये त्या समितीच्या परवानगीचा कागद नाही. मी शोधला, ऑफिसात विचारलं, कोणाला असं काही लागतं हेच माहीत नव्हतं.

हा कायदा असा का झाला असेल? न्यूयॉर्क शहरातल्या विलोब्रूक या संस्थेत बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांना मुद्दाम हिपॅटायटिसची लागण केली, १९५० च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं, आणि आईवडिलांच्या सह्या होत्या त्यावर. त्याच शहरात १९६० च्या दशकात लॉरेटा बेंडर या मानसोपचारतज्ज्ञांनी ऑटिस्टिक मुलांना रोज एलएसडी हे भ्रम निर्माण करणारं ड्रग दिलं. ही माणसं स्वतःला क्रूर समजत नव्हती, मुलांचं भलंच करतोय असं त्यांना वाटत होतं, त्यांच्याही कमिट्या होत्या, नामवंत लोक होते. त्या खोलीत फक्त आमच्यापैकी कोणी नव्हतं.

माझी आई. तिला मी या ट्रायलबद्दल सांगितलं तेव्हा ती भाजी निवडत होती, हात न थांबवता म्हणाली, तुझ्या लहानपणी हे असतं ना तर मी तुला नेलं असतं. मी काहीच बोलले नाही. ती मला शाळेतून काढून टाकलेलं तेव्हा तीन बस बदलून दुसऱ्या शाळेत नेणारी बाई, नातेवाईकांनी काय काय ऐकवलेलं तिला. तिनं नेलं असतंच. आणि मला माहितीये की आज ज्या आया रांगेत आहेत त्या अगदी तशाच आहेत, आमच्यानंतर याचं काय हा एकच प्रश्न घेऊन जगणाऱ्या. म्हणून मला ही ट्रायल उद्या बंद करा असं सहज म्हणता येत नाही. यादीत एक मुलगा आहे, त्याच्या दोन्ही कानांना सूज असते कारण तो स्वतःला मारत राहतो. उद्या या पेशींनी त्याचं मारणं थांबलं असतं आणि मी सही अडवून ठेवली असेल तर? हा प्रश्न मला खातो. पण सही केली आणि त्याला काही झालं, तर त्या बॅच नंबरखाली माझं नाव असेल, आणि मला आधीपासून माहीत होतं हेही तुमच्याच फाइलीत असेल. आईनं नेलं असतं, पण तिला खरं सांगून नेऊ द्यायला हवं होतं, आणि मला विचारून. मी इतकंच मागतेय.

आता मागण्या, सरळ.

कलम ६(२) प्रमाणे त्या समितीची परवानगी येईपर्यंत ट्रायल सुरू करू नका. हे थांबवता येतं. केंब्रिजचा स्पेक्ट्रम १०के हा दहा हजार ऑटिस्टिक लोकांचा डीएनए गोळा करायचा प्रकल्प ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला आणि ऑटिस्टिक लोकांनीच आवाज उठवल्यावर पुढच्याच महिन्यात थांबवला गेला. तिथे तर पाठीत सुई घालायची नव्हती, लाळ घ्यायची होती.

या ट्रायलच्या चर्चेला किमान दोन ऑटिस्टिक प्रौढ बोलवा, त्यातला एक तरी असा असावा जो बोलून नाही तर टाइप करून किंवा कार्डावर सांगतो. मला घ्या असा माझा हट्ट नाही, दुसरं कोणी घ्या. ज्यांची कंपनीत भागीदारी आहे त्यांनी माहिती द्यावी आणि निर्णयाच्या वेळी बाहेर थांबावं.

क्रम बदला, आधी प्रौढ. स्वतःची संमती देऊ शकणारे, हे हवं असणारे प्रौढ ऑटिस्टिक लोक असतील तर त्यांच्यावर सुरक्षितता तपासा, लहान मुलं नंतर. आणि तुलनेचा गट कसा ठेवायचा ते बाहेरच्या स्टॅटिस्टिशियनकडून लिहून घ्या, त्याशिवाय एकाही मुलाला हात लावू नका.

संमतीपत्र मराठीत, हिंदीत, मुलांसाठी चित्रांत. ड्यूकचा २०२० चा निकाल आणि २०२२ चा मेडिकल कमिशनचा निर्णय पहिल्या पानावर. ॲनिमेशन काढून टाका. सही घरी विचार करून, किमान दोन आठवड्यांनी. तपासण्यांचा सगळा खर्च संस्थेचा, आणि ज्यांनी आधीच एमआरआयचे पैसे भरलेत त्यांना परत करा, त्यातले काही जण व्याजानं काढून आलेत.

दुखणं ओळखायचा वेगळा फॉर्म करा, मुलाला रोज सांभाळणाऱ्या माणसाच्या मदतीनं, आणि वागण्यातला प्रत्येक अचानक बदल, शांत होणंसुद्धा, आधी दुखणं म्हणून तपासा. मुख्य मोजमापात झोप, स्वतःला इजा, फिट्स आणि संवाद वेगवेगळे मोजा. फॉलोअप निदान पाच वर्षं. निकाल नकारात्मक आला तरी छापणार असं आत्ताच लेखी द्या.

यावर लेखी निर्णय येईपर्यंत मी कुठल्याही बॅचच्या रिलीज फॉर्मवर सही करणार नाही. सेल्स मी वाढवत राहीन, फ्रीझ करून ठेवेन, एकही बॅच वाया जाऊ देणार नाही, कारण काम चांगलं आहे आणि उद्या नीट ट्रायल झाली तर ती लागेल. माझ्या जागी दुसऱ्या कोणाची सही घ्यायचं ठरवलंत तर त्या व्यक्तीला माझे आक्षेप वाचायला द्या आणि वाचल्याची नोंद ठेवा.

मला बोलवायचं असेल तर मी येईन. प्रश्न दोन दिवस आधी लेखी पाठवा, दहा लोक एकदम बोलायला लागले की मला शब्द सुचत नाहीत, लिहून मात्र प्रत्येक प्रश्नाचं उत्तर देईन. मीटिंगची तारीख आणि अजेंडा पालकांनाही कळवा, त्यांनाही बसू द्या.

आपली,
सेल प्रोसेसिंग लॅबमधली सायंटिस्ट